घरी घडवलेल्या गिटारला आधी रंग, मग चमकी

बॉडी कापून झाली, कडा गोल झाल्या, पिकअपचे (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागांचे) खड्डे खोदून झाले की हात शिवशिवायला लागतात. आता एकदाचा रंग लावू, असं वाटतं. माझ्या पहिल्या गिटारला मी तसंच केलं. रंगाचं फडकं फिरवलं आणि दोन मिनिटांत व्हॉल्यूमच्या बटणाच्या जागेशेजारी बोटाएवढा फिकट डाग उगवला. फळ्या जोडताना सांध्यातून बाहेर आलेला गोंद मी ओल्या बोटाने पुसला होता. तो लाकडात मुरून बसला होता आणि रंगाला आत जाऊ देत नव्हता. त्या एका डागासाठी सगळी बाजू पुन्हा घासावी लागली. तीन दिवस गेले.

त्यानंतर मी घाई सोडली. खाली जी पद्धत सांगतो आहे ती भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारची आहे. मागची बाजू आणि कडा डायने रंगवलेल्या, लाकडाची रेषा दिसणाऱ्या, आणि पुढची बाजू चमकीची. दोन्ही एकाच गिटारवर करायला सांगतो, कारण एकदा ते जमलं की नुसता डाय किंवा नुसती चमकी करणं सोपं जातं.

दोघांचा स्वभाव वेगळा

डाय म्हणजे पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळणारा रंग. तो लाकडाच्या धाग्यात शिरतो. ऑइल पेंटसारखा वर थर करून बसत नाही, म्हणून लाकडाची नक्षी त्यातून दिसते. पण लाकडाचं जे चांगलं ते दिसतं तसं वाईटही दिसतं. सँडपेपरची आडवी रेघ, गोंदाचा डाग, रंध्याने उचकटलेला धागा, सगळं रंग लागल्यावर ठळक होतं.

चमकी याच्या उलट. तिचा कण म्हणजे पॉलिस्टरच्या पातळ फिल्मचा बारीक तुकडा, ज्यावर अॅल्युमिनियमचा थर आणि त्यावर रंग असतो. ती लाकडात शिरत नाही, लाकडावर बसते आणि खालचं सगळं झाकते. तिला गुळगुळीत तळ लागतो आणि वरून भरपूर पारदर्शक थर लागतो, ज्यात ती बुडून राहील.

यावरून क्रम ठरतो. डायला कोरं लाकूड हवं. सीलरचा (लाकूड बंद करणाऱ्या थराचा) किंवा क्लिअरचा (वरच्या पारदर्शक थराचा) एक थेंब जरी आधी पडला, तरी तिथे डाय शिरणार नाही. म्हणून आधी डाय, मग त्याला बंद करणं, मग पुढच्या बाजूला अस्तर आणि चमकी, आणि शेवटी सगळ्या बॉडीवर एकसंध क्लिअर. हा क्रम उलटा करून चालत नाही.

घरच्या गिटारला असं फिनिश साधेल का, अशी शंका असेल तर क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांची रेड स्पेशल गिटार आठवा. १९६३ मध्ये वडिलांबरोबर त्यांनी ती घरी करायला घेतली. नेकचं, म्हणजे गिटारच्या दांडीचं, लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीतलं होतं, बॉडीवर महोगनीचं व्हीनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि तिचा तो तांबूस तपकिरी रंग पारदर्शक थराखालून आजही दिसतो. चमकीची परंपराही जुनी आहे. १९५० च्या दशकात ग्रेच कंपनीने सिल्व्हर जेट गिटारच्या दर्शनी भागावर चमकीचा प्लास्टिक पत्रा चिकटवला होता. ती कंपनी ड्रमही बनवायची आणि हा पत्रा ड्रमवर लावायचाच होता. आपण पत्रा चिकटवणार नाही, चमकी स्वतः बसवणार आहोत.

लाकूड कोणतं

माझी दुसरी आणि तिसरी गिटार तून लाकडाची आहे. मिरजेचे सतारमेकर सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या दांडीला हेच लाकूड वापरतात. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तून सागापेक्षा हलकं असतं, घासायला सोपं आणि रंगाने तांबूस, त्यामुळे लाल, तपकिरी, दारूच्या रंगाचा डाय त्यावर फार खुलतो. निळा डाय मात्र लावून पाहा, तो मळकट होतो.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण इथे बरेच जण फसतात. डाय पारदर्शक असतो, म्हणून लाकडाचा स्वतःचा रंग त्यात मिसळतो. पिवळसर सागावर निळा लावला की हिरवट दिसतो. निळा किंवा जांभळा हवाच असेल तर मेपलसारखं पांढरट लाकूड किंवा त्याचं व्हीनियर घ्या. सागवानाला आणखी एक अडचण आहे. त्यात नैसर्गिक तेल असतं आणि वरचं कोटिंग नीट धरत नाही. सागाची बॉडी असेल तर डाय लावायच्या अगदी आधी थिनरने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने दोनदा पुसून घ्या.

त्याच फळीचे दोन-तीन तुकडे जपून ठेवा. साधारण वीतभर लांबीचे. गिटारवर जे जे करायचं ते आधी या तुकड्यावर करायचं, आणि तेही फक्त रंगापर्यंत नाही, शेवटच्या क्लिअरपर्यंत. डायचा खरा रंग क्लिअर चढल्यावरच दिसतो. तुकड्याच्या मागे पेन्सिलने प्रमाण लिहून ठेवा. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट कोणी पाळणार असेल, तर त्याने ही पाळावी.

घासणं आणि पाणी पाजणं

१२० नंबरच्या पेपरने सुरुवात, मग १८०, मग २२०. सपाट भागावर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच घासा. नुसत्या बोटांनी घासलं की खाचा पडतात आणि चकचकीत क्लिअरखाली लाटा दिसतात. घासणं नेहमी रेषेच्या दिशेने. गिटारच्या बॉडीला आडवा काप, म्हणजे धाग्यांची कापलेली टोकं, येतो तो वरच्या आणि खालच्या टोकाला आणि शिंगांच्या आतल्या बाजूला. तिथे लाकूड स्पंजसारखं रंग पितं आणि काळपट होतं. तो भाग ३२० पर्यंत घासा, म्हणजे तहान थोडी कमी होते.

आमच्या भागात फर्निचर पॉलिश करणारे एक काका आहेत. माझी बॉडी हातात घेऊन त्यांनी ती उजेडाकडे तिरकी धरली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दादा, लाकडाला आधी पाणी पाजा. त्याला काय उठायचंय ते आत्ताच उठू दे." कोरड्या लाकडाला पहिल्यांदा पाणी लागलं की दबलेले तंतू उभे राहतात आणि पृष्ठभाग दाढीच्या खुंटासारखा लागतो. हे डाय लावल्यावर होऊन मग घासलं, तर रंगही निघतो. म्हणून आधीच ओल्या फडक्याने सगळी बॉडी भिजवा, रात्रभर वाळू द्या, आणि सकाळी २२० ने हलक्या हाताने फक्त ती खुंटं काढा. दाबून घासलं तर खालचे नवे तंतू उघडे पडतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

याच वेळी गोंद शोधायचा. फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून बॉडीवर फिरवा आणि खिडकीसमोर तिरपी धरा. जिथे फेविकॉल मुरलाय तिथे लाकूड फिकं राहतं. त्या जागा पुन्हा १२० पासून घासा किंवा धारदार पट्टीने खरवडा. टर्पेंटाइन उडून जाईपर्यंत थांबा.

नेक बसतो तो खड्डा टेपने बंद करा. तिथे रंग किंवा क्लिअरचा थर चढला तर नेक बसणार नाही. मी त्या खड्ड्यात स्क्रूने हातभर लांब लाकडी पट्टी बसवतो. बॉडी उचलायला, फिरवायला, टांगायला तीच मूठ.

डाय

पाण्यात विरघळणारा घ्यायचा की स्पिरिटमध्ये? स्पिरिटचा डाय मिनिटभरात वाळतो आणि तंतू उठवत नाही. पण तो इतक्या लवकर वाळतो की फडक्याचा एक फेरा दुसऱ्यावर चढला की गडद पट्टा उमटतो. गनने फवारायचा असेल तर स्पिरिट, हाताने लावायचा असेल तर पाणी. नवख्याने पाण्याचाच घ्यावा. उन्हात टिकण्याच्या दृष्टीने धातूयुक्त डाय चांगले असतात, दुकानदाराला तसं विचारून घ्या. रंगपंचमीचा रंग किंवा खाण्याचा रंग वापरू नका, काही महिन्यांत उडतो. रंग उडणं ही किरकोळ गोष्ट नाही. गिब्सन कंपनीच्या १९५८ ते १९६० च्या सनबर्स्ट (कडांकडे गडद होत जाणाऱ्या रंगाच्या) लेस पॉल गिटारींवरचा लाल उन्हाने इतका उतरला की त्यांतल्या कित्येक आज नुसत्या मधाच्या रंगाच्या दिसतात.

प्रमाण: १०० मिली कोमट पाण्यात ३ ग्रॅम पूड. हे गडद मिश्रण झालं. काचेच्या बरणीत ढवळून रात्रभर ठेवा आणि जुन्या धोतराच्या किंवा बनियनच्या कापडातून गाळा. न विरघळलेला एक कण लाकडावर पडला तर त्याची शेपटीसारखी रेघ उठते. गाळलेल्यातला अर्धा भाग वेगळा काढून त्यात तेवढंच पाणी घाला. पहिला हात या पातळ मिश्रणाचा. गडद करता येतं, फिकं करणं अवघड.

हातमोजे घाला. आडव्या कापाच्या जागा साध्या ओल्या फडक्याने आधी भिजवा, म्हणजे पाणी पिऊन बसलेलं लाकूड तिथे रंग कमी घेईल. मग भरपूर भिजलेल्या फडक्याने मागच्या बाजूपासून सुरुवात करा. इथे कंजुषी नको. सगळा भाग ओला राहिला पाहिजे आणि ओली कड कधी वाळू द्यायची नाही. मागची बाजू, तिथून कडा, एका दमात. दोन-तीन मिनिटांनी कोरड्या फडक्याने रेषेच्या दिशेने जादा रंग पुसून घ्या.

वाळल्यावर जे दिसतं ते पाहून धीर खचतो. रंग मेलेला, खडूसारखा कोरडा. घाबरू नका, पुन्हा रंग चढवायला धावू नका. टर्पेंटाइनचं फडकं एका कोपऱ्यावर फिरवा. क्षणभर लाकूड ओलं होतं आणि खालून खरा रंग वर येतो, खोल, उबदार. क्लिअरखाली असंच दिसणार आहे. ते पाहून ठरवा आणखी एक हात हवा की नाही.

कडांकडे गडद होत जाणारा बर्स्ट हवा असेल तर तो रंग लावतानाच, लाकूड ओलं असताना. मधल्या भागाला फिका रंग झाला की गडद मिश्रणाचं फडकं कडेने फिरवा, चार-पाच सेंटीमीटर आतपर्यंत. मग दुसरं फडकं साध्या पाण्यात भिजवून पिळा आणि गडद रंगाची आतली सीमा गोल गोल हाताने मधल्या भागाकडे विरघळवत न्या. एका झटक्यात होत नाही. थोडं न्यायचं, लांबून बघायचं, पुन्हा न्यायचं. फवारलेल्या बर्स्टइतका तो सुबक होत नाही, पण लाकडाच्या आतून आलेला वाटतो, आणि मला तोच जास्त आवडतो.

रात्रभर वाळू द्या. दमट हवेत पूर्ण २४ तास.

लाखेने बंद करणं

आता डायवर काहीही चढवण्याआधी एक नियम. डाय ज्यात विरघळतो, तो द्रव पुढच्या थरात नको. पाण्याच्या डायवर स्पिरिटची लाख चालते. स्पिरिटच्या डायवर लाखेचा ब्रश फिरवला तर रंग ब्रशबरोबर येतो. तिथे फवाराच मारावा लागतो.

लाख आपल्याकडे सहज मिळते. देशात सगळ्यात जास्त लाख झारखंडमध्ये पिकते आणि हार्डवेअरच्या जुन्या दुकानात चपडी म्हणून विकायला असते. १०० मिली पॉलिशच्या स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम चपडी घालून झाकण लावा आणि एक-दोन दिवस अधूनमधून हलवत राहा. मग दोन दिवस अजिबात हलवू नका. लाखेतलं मेण गढूळ होऊन तळाशी बसतं. वरचं स्वच्छ द्रावण हळूच दुसऱ्या बाटलीत ओता आणि तेवढंच वापरा. मेण राहिलं तर वरचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा क्लिअर, धरत नाही.

सगळ्या बॉडीला, पुढच्या बाजूलाही, दोन पातळ हात. एक फेरा गेला त्याच जागी लगेच पुन्हा फिरवायचं नाही. पुढच्या बाजूला डाय नाही, तरी लाख का? कारण कडेवरून थोडा लाल रंग तिथे झिरपलेला असतोच, आणि थिनर लागला की तो वरच्या चंदेरी बेसमध्ये गुलाबी होऊन उमटतो. लाख त्याला अडवते. वाळल्यावर ४०० च्या पेपरने जेमतेम स्पर्श करा. कडांवर तोही नको. कडेचा रंग सगळ्यात आधी निघतो आणि तिथे कोरं लाकूड डोकावलं की झाकता येत नाही.

हवा आणि श्वास

क्लिअर म्हणून एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर घ्यायचं की बेस आणि त्याला कडक करणारा हार्डनर अशा दोन डब्यांचा पीयू? चमकीसाठी मी पीयू सुचवतो, कारण त्याचा एक हात एनसीच्या जवळजवळ दुप्पट जाड बसतो आणि निळ्या-चंदेरीवर कालांतराने पिवळेपणा चढत नाही. मात्र न पिवळणारा, म्हणजे नॉन-यलोइंग, असं डब्यावर लिहिलेलं पाहा.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क त्याला अडवू शकत नाही. निदान सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला घट्ट बसणारा रेस्पिरेटर, गॉगल, हातमोजे आणि आरपार वारा वाहणारी जागा हवी. दम्याचा त्रास असेल तर हे काम स्वतः करू नका, बॉडी चांगल्या पीयू पॉलिशवाल्याकडे द्या. थिनरची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेटते. त्या खोलीत आणि शेजारच्या खोलीतही गॅस, समई, उदबत्ती काही नको.

दुसरी गोष्ट पावसाची. मी एकदा जूनच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात एनसी फवारलं. पाच मिनिटांत काचेसारख्या थरावर दुधाळ धुकं पसरलं. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर साचून थरात अडकतं. पीयूची गत वेगळी. तिथे ओलावा हार्डनरशी अभिक्रिया करतो आणि बारीक फोड येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे रंगकामाचे महिने. आर्द्रतामापक काही शे रुपयांत येतो. आकडा ७० टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी घासकाम करा. कोकणात, गोव्यात हिवाळ्यातही पहाटे आणि संध्याकाळी दव असतं, म्हणून फवारणी अकरा ते तीनच्या दरम्यान.

चमकी

मागच्या बाजूला आणि कडांना पीयू क्लिअरचे दोन हात मारून रात्रभर वाळवा. मग जिथे चमकी आणि लाकूड भेटणार त्या कडेवर बारीक प्लास्टिकची टेप लावा, गाड्या रंगवणारे वापरतात ती. साधी कागदी टेप वळणावर सुरकुतते आणि खालून रंग शिरतो. उरलेली बॉडी कागदाने पूर्ण झाका. पिकअपचे खड्डेही झाका, नाहीतर चमकी तिथून महिनाभर निघत राहते.

पुढच्या बाजूला पीयू सरफेसरचे, म्हणजे अस्तराचे, दोन हात. वाळल्यावर ३२० ने सपाट घासा. लाकडाची छिद्रं अजून दिसत असतील तर आणखी एक हात. तून आणि साग दोन्ही सच्छिद्र, तिसरा हात बहुतेक वेळा लागतोच. त्यावर चमकीच्या जवळच्या रंगाचा बेस. चंदेरी चमकीखाली चंदेरी, निळीखाली निळा. पांढऱ्या अस्तरावर थेट चमकी टाकली तर कणांच्या फटीतून पांढरं दिसतं आणि ते झाकायला दुप्पट चमकी लागते.

आता चमकीची परीक्षा. स्टेशनरीच्या दुकानातली चमकी कार्डशीटसाठी असते. तिचा रंग थिनरमध्ये सुटू शकतो. काचेच्या लहान बाटलीत चमचाभर चमकी घाला, वर आपलाच पीयूचा थिनर ओता आणि २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी बाटली पांढऱ्या कागदासमोर धरा. थिनर निळसर झाला असेल किंवा कण आक्रसून वळले असतील, तर ती चमकी बाद. मी चार दुकानांतून चार पुड्या आणल्या होत्या, त्यातल्या दोनच टिकल्या. सॉल्व्हंट-रेझिस्टंट असं लिहिलेली, गाड्यांच्या रंगाची चमकी महाग पडते पण खात्रीची असते. आकार ०.२ मिमी. ०.४ मिमीची लांबून झगमगते, पण ती बुडवायला क्लिअरचे फार हात लागतात.

बसवायचे दोन मार्ग. पहिला, क्लिअरमध्ये मिसळून फवारणं. फवारायला तयार अर्ध्या लिटरमध्ये २० ते २५ ग्रॅम चमकी, गनचं तोंड १.८ ते २ मिमी, आणि दर अर्ध्या मिनिटाला गन हलवायची, कारण चमकी तळाशी बसते. कपात दोन-तीन स्वच्छ काचेच्या गोट्या टाकल्या की हलवताना ती सुटी राहते. यात थर एकसारखा येतो, पण कॉम्प्रेसर आणि गन हवी, आणि नंतर गन साफ करणं हे वेगळंच काम.

दुसरा मार्ग घरच्यांसाठी. ओल्या क्लिअरवर चमकी चाळायची. बॉडी चार बाटल्यांच्या झाकणांवर अगदी आडवी ठेवा, खाली मोठे कोरे कागद पसरा. पीयू क्लिअरचा एक भरपूर ओला हात पुढच्या बाजूला. मऊ ब्रशनेही चालतो. लगेच चहाच्या बारीक गाळणीत चमकी घ्या आणि फूटभर उंचीवरून, गाळणीच्या कडेला बोटाने टिचक्या मारत, सगळीकडे पाडा. उंची महत्त्वाची आहे. खालून टाकली तर ढीग होतात, उंचावरून पडताना कण पसरतात आणि बहुतेक चपटे पडतात. पिठीसाखर भुरभुरावी तशी, एकदा उभी फेरी, एकदा आडवी. पंखा बंद. या वेळी शिंकसुद्धा महागात पडते.

पूर्ण वाळल्यावर बॉडी कागदावर तिरकी करून मऊ ब्रशने सुटी चमकी झाडा. कागदाची घडी घालून ती परत बाटलीत भरा. एका बाजूला ५०-६० ग्रॅम चमकी आणली तर पुरते, त्यातली निम्मी अशी परत मिळते. मग उघडे राहिलेले भाग शोधा आणि पुन्हा तीच कृती. दोन फेऱ्यांत तळ झाकला जातो, कधी तिसरी लागते.

आता जे करायचं नाही ते. चमकीवर पेपर लावायचा नाही. हाताला ती खरखरीत लागते आणि घासून सपाट करायचा मोह होतो. पण पेपर लागला की कणावरचा रंग निघतो आणि तिथे पांढरे-करडे ठिपके दिसतात. फक्त हातमोजा घातलेला तळवा हलकेच फिरवा, उभे राहिलेले कण मोडून पडतील. त्यावर क्लिअरचा एक पातळ हात, कणांना जागेवर धरून ठेवण्यापुरता. तो हाताला चिकटेनासा झाला, पण पुरता कडक झालेला नाही, अशा वेळी टेप काढा, मागे दुमडून, हळूहळू. पूर्ण वाळू दिलं तर टेपबरोबर चमकीची कड तुकड्यातुकड्यांनी उचकटते.

सांडलेली चमकी ओल्या कागदाने टिपून कचऱ्यात टाका. मोरीत धुवू नका. ते प्लास्टिक आहे आणि पाण्याबरोबर ओढ्यानाल्यात जातं.

बुडवणं

इथून सगळ्या बॉडीवर क्लिअर. पीयूच्या दोन डब्यांचं, बेस आणि हार्डनरचं, प्रमाण डब्यावर असेल तसंच, अंदाजाने नाही. पहिल्या बैठकीत तीन हात, दोन हातांमधलं अंतर डब्यावर दिल्याप्रमाणे. २४ तासांनी चमकीच्या बाजूवर ४०० चा पेपर ठोकळ्याला लावून अगदी वरवर फिरवा. चमकी अजून वर डोकावत असेल तर पेपरवर लगेच रंगीत कण दिसतील. दिसले की थांबा, घासणं सोडा आणि पुसून आणखी दोन हात द्या. नसतील तर घासत राहा, जोवर सगळा भाग एकसारखा मळका पांढुरका दिसत नाही. मध्ये चमकदार खड्डे राहिले असतील तर ते अजून भरलेले नाहीत. पीयूचे पाच-सहा हात लागतात. एनसी असेल तर दहा-बारा धरून चाला.

मागच्या बाजूला एवढे थर नको. तिथे एकूण तीन-चार हात पुरे. जास्त जाड क्लिअर लाकडाला प्लास्टिकची कळा देतं.

ओघळ आला तर ओला असताना बोट लावू नका. वाळू द्या, मग ब्लेडच्या धारेने खरवडून सपाट करा. थरात गोल गोल खड्डे, फिश आय, आले तर समजा सिलिकॉन लागलंय. गाडीचं किंवा फर्निचरचं चमकवायचं स्प्रे पॉलिश त्या खोलीत कधी वापरू नका.

शेवटचा हात

पीयू दहा दिवस आणि एनसी चार आठवडे बॉडी टांगून ठेवा. नाक लावून पाहा. थिनरचा वास येत असेल तर थर अजून आकसतो आहे, आत्ता घासलात तर महिन्याने खालच्या छिद्रांचे ठसे वर येतील.

मग पाण्याचा पेपर. ८००, १०००, १५००, २०००. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे पेपर अडकत नाही. स्क्रूच्या आणि ब्रिजच्या (तारा टेकतात त्या धातूच्या पट्टीच्या) भोकांत आधी मेणबत्तीचं मेण भरा, कारण तिथून पाणी लाकडात शिरलं की ते फुगतं आणि भोकाभोवती क्लिअरला तडे पडतात. प्रत्येक नंबरनंतर पुसून तिरक्या उजेडात बघा. आधीच्या नंबरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटी रबिंग कंपाउंड, सुती कापडाने, छोट्या गोलात. कडांवर दाब देऊ नका.

जोडणी करताना नेकच्या खड्ड्यातली टेप धारदार ब्लेडने कडेने कापून मगच ओढा. स्क्रूची भोकं क्लिअरमध्ये आधी हाताने, उलट्या फिरवलेल्या थोड्या मोठ्या ड्रिलने मोकळी करा, नाहीतर स्क्रू आवळताना क्लिअर फुटतं. ब्रिजखालून येणाऱ्या अर्थच्या वायरची जागा उघडी आहे ना, तेही पाहा. तिथे क्लिअर साचलं असेल तर खरवडून काढा, आणि तारा चढवण्याआधी मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या (केबल खुपसायच्या सॉकेटच्या) बाहेरच्या कडीला लावा. मल्टिमीटरचा बीप आवाज आला की तारा चढवायला हरकत नाही. एनसीची गिटार असेल तर स्टँडच्या रबरी हातांना सुती कापड गुंडाळून मगच टेकवा, रबर एनसीला चिकटून कायमचे डाग पाडतं.